तिघांचं एकच घड्याळ

मला बघायला तीन मुलं आली आणि तिघांच्याही हातात घड्याळ एकच होतं.

तिघंही खाडीपलीकडच्या एकाच गावचे. स्थळं आणणारी बाईही तिथलीच, तिचा नवरा बोटीवर खलाशी. त्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला होता आणि त्याचं घड्याळ गावातल्या लग्नाच्या मुलांच्या हातांत फिरत होतं. आई-बाबा नुसता चकचकीत पट्टा बघायचे. काचेवर चारच्या आकड्यापाशी गेलेली चीर मी मात्र पहिल्याच वेळी हेरली होती.

खलाशाचं मनगट दांडगं असणार, कारण पट्टा या पोरांना सैल व्हायचा. "मुलीला काही विचारायचंय का?" असं कुणी म्हटलं की मी मान खाली घालून विचारायची, "किती वाजले?" पहिल्याचं घड्याळ पार कोपराशी जाऊन बसलं होतं. बाही वर करून त्याने ते शोधेपर्यंत चहा निवला. दुसऱ्याने पट्ट्याखाली रुमाल कोंबला होता, हात उचलताच तो पोह्यांच्या बशीत पडला. मी आत पळाले आणि तोंडात पदर घालून हसले.

हसत होते खरी, पण बाबांची भीती होती. त्या दोघांना मी नको म्हटलं, ते बाबांनी ऐकलं. तिसरा यायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी बजावलं, "आता ह्यालापन नको म्हनालीस, तर पुढच्याला तुला न विचारता शब्द देईन."

तिसऱ्याच्या मनगटावर घड्याळ अगदी बेतानं बसलं होतं. मी विचारलं, तर त्याने झटकन सांगितलं, "पावणेपाच." माझी सगळी मजाच गेली.

पाहुणे गेल्यावर सतरंजी झटकताना एक चकचकीत कडी टणकन खाली पडली. पट्ट्याची! म्हणजे याने कड्या काढून पट्टा मापाचा करून घेतला होता. ते दोघे नुसते बावळट होते, हा तर पक्का लबाड निघाला. मला भारी राग आला. बाबा रात्री मिठागरावरच राहणार होते; सकाळी आले की नको म्हणून सांगायचं, पुढचं पुढे, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत होते, तर तो एकटाच दारात उभा.

"काल हितं एक कडी पडली का?"

"कसली कडी?" मी विचारलं. कडी माझ्या कनवटीलाच होती.

तो जरा घुटमळला. मग सरळच म्हणाला, "घड्याळ माझं न्हाय. मागून आनलेलं हाय. सैल व्हत होतं म्हनून चार कड्या मीच काढल्या, त्यातली एक हरवली. तो मानूस आज दुपारच्या लाँचनं मुंबईला जातो. त्याची वस्तू पुरी द्यायला पायजे."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी कडी त्याच्या हातावर ठेवली. "मग बसवा की इथंच."

त्याने दाभण मागून घेतला. ओटीवर मांडी घालून, ओठ दातांत धरून तो एकेक खीळ दाभणाने सरकवू लागला. दोन कड्या एका बाजूला, दोन दुसऱ्या. "सारख्याच घालायच्या, न्हायतर चाप मधोमध येत न्हाय," असं मला समजावूनही सांगितलं. चारही बसल्यावर त्याने घड्याळ हातात चढवलं, तर ते घसरून थेट कोपराशी गेलं.

"किती वाजले?" मी विचारलं.

तो इतका हसला की मागच्या दारी गोवऱ्या थापणारी आई तशीच भरल्या हातांनी पुढे आली. तोवर तो बांधावरून झपाझप निघालाही होता.

"काय ठरवलंस गो?" आईने विचारलं.

"हाच," मी म्हटलं.

"देव पावला! हातात सोताचं घड्याळ असलेला मुलगा काय रोज येतो?"

"न्हाय गो," मी म्हटलं आणि तांदूळ निवडायला घेतले.