न विचारता दिलेला चहा

एनिड हॉवर्थला हेवा वाटायला फारसं कारण लागत नसे. बहिणीच्या खिडकीला नवे पडदे लागले की हिच्या पोटात दुखायचं. शेजारच्या आयव्हीचा केक ताटलीभर फुगला की हिला तो आतून कच्चा असणार अशी आशा वाटायची. पण नवऱ्यावरून कधी जळायची वेळ तिच्यावर आली नव्हती, कारण विल्फला कोण नेणार? कान सुपाएवढे, बोलणं कबुतरांशी, आणि अंगाला सपातांच्या कारखान्यातल्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा वास. आमच्या खोऱ्यात अर्धं गाव त्या कारखान्यात. एनिड चौदाव्या वर्षी तिथे सपातांना काठ शिवायला लागली, विल्फ पलीकडच्या बाकावर तळवे कापायचा. डबा उघडला की तो तिच्या पाईकडे बघायचा आणि ती त्याच्याकडे. लग्न असं जमलं.

मांस-बटाट्याची पाई हा एनिडचा मान होता. जाड कडांचं मातीचं भांडं, तळाशी मांस, कांदा, बटाटा, वर चरबी घालून मळलेल्या पिठाचं झाकण. ते भट्टीतून निघालं की गल्लीत कुणाला भूक नाही असं म्हणायची सोय राहत नसे. सोबत मऊ शिजवलेले वाटाणे, त्यावर व्हिनेगर, आणि मग चमचा उभा राहील असा कडक चहा. विल्फचा कप निराळा, मोठा, त्यात तीन चमचे साखर. लग्नापासून तो कप तिनेच भरला होता. दुसऱ्या कुणी भरायचं कारणही नव्हतं.

मग गेल्या हिवाळ्यात विल्फ कारखान्यात छातीला हात लावून खाली बसला. बसला तो बसलाच. डॉक्टरांनी महिनाभराने हॉस्पिटलातून घरी सोडलं ते एनिडला बाजूला घेऊन बजावूनच. चरबी बंद. पिठाचं झाकण बंद. साखर बंद. पावावर लावायची ती भाजलेल्या मांसाखालची गोठलेली चरबी, तिचं तर नाव काढायचं नाही.

एनिडने ते बायबलातल्या आज्ञेसारखं पाळलं. पाईचं भांडं वरच्या फळीवर चढलं. विल्फच्या ताटात उकडलेला मासा, उकडलेली कोबी आणि कोरडा पाव यायला लागला.

"हा मासा आजारी होता का गं?" विल्फ विचारायचा.

"गप खा. तो मेलाय, तू मरू नयेस म्हणून."

"आणि हा चहा?"

"चहाच आहे."

"याने चहाला दुरून पाहिलेलं दिसतंय."

बोलायचा, पण खायचा. एनिड त्याचं तोंड बघायची आणि आतल्या आत तुटायची. तिच्या हातचं खाऊन ज्याचा चेहरा खुलायचा, तोच आता तिच्या हातचं औषधासारखं गिळत होता. तरी तिने हात ढिला सोडला नाही. उन्हाळ्यापर्यंत मात्र नवल घडलं. विल्फची कुरकुर थांबली. गालावर रंग चढला. दर मंगळवारी कबुतरांना दाणे घालून आला की शीळ घालत यायचा. एनिडने मनोमन माशाचे आभार मानले.

त्याच सुमाराला तीन घरं सोडून ऑलिव्ह ग्रीनवुड राहायला आली होती. डोंगरापलीकडची, म्हणजे यॉर्कशायरची. आमचं नि त्यांचं पिढ्यांचं वाकडं, त्यामुळे आमच्याकडे तेवढं सांगितलं की पुरतं. विधवा, गोरीगोमटी, हातांच्या मनगटांना खळ्या पडाव्यात इतकी भरलेली. तिच्या खिडकीची दोरी तुटली होती ती विल्फने बसवून दिली, हे एनिडला ठाऊक होतं. एनिडनेच पाठवलं होतं.

कापणीच्या सणाला चॅपेलात संध्याकाळचं जेवण असतं. तिथे पाईच्या टेबलामागे एनिड, हे ठरलेलं. मोठ्या किटलीमागे दरवर्षी आयव्ही असायची, पण यंदा तिचा हात मुरगळला म्हणून किटली ऑलिव्हकडे गेली.

किटलीची एक रीत आहे. ती जिच्या हातात असेल तिने प्रत्येकाला विचारायचं. दूध किती? साखर किती? समोरचा माणूस जन्मापासून शेजारी असो, तिच्याच हातचा चहा त्याने हजारदा प्यायलेला असो, चारचौघांत विचारायचंच. न विचारता चहा द्यायचा तो फक्त आपल्या घरच्या माणसाला.

ऑलिव्हने सगळ्यांना विचारलं. पाद्रीबाबांना विचारलं, आयव्हीला विचारलं, आयव्हीच्या बहिऱ्या सासऱ्याला ओरडून विचारलं. मग विल्फ पुढे आला. गर्दी होती, बोलणं चालू होतं, ऑलिव्हचं तोंड दुसरीकडे आणि हात आपला सवयीने चाललेला. तिने कप भरला, दुधाचा थेंब टाकला, तीन चमचे साखर घातली, ढवळलं आणि कप त्याच्या हातात ठेवला.

विल्फने घेतला. घोटही घेतला.

आमच्या चॅपेलात प्रार्थनेलासुद्धा एवढी शांतता नसते. आयव्ही, जिची जीभ काही मुरगळली नव्हती, एनिडच्या कानाशी आली.

"एनिड, बाई, तुझ्या विल्फची साखर बंद होती ना?"

"होती."

"मग हिला कसं ठाऊक तो किती घेतो?"

एनिडच्या हातात पाई कापायची सुरी होती. तिने समोरच्या ताटात एवढा मोठा तुकडा वाढला की घेणाऱ्याने दोन हात लावले. कोणाच्या ताटात काय पडलं ते तिला त्या संध्याकाळी पुढे कळलं नाही.

घरी जाताना विल्फ म्हणाला, "चूक झाली असेल गं तिची."

"साखर मोजून घातली तिने. चुकताना कुणी मोजत नाही."

"एनिड..."

"पायाखाली बघून चाल."

मंगळवारपर्यंत ती त्याच्यापुढे माशाचं ताट आपटत राहिली. तिच्या डोक्यात मात्र चहाचा तो कपच फिरत होता. बाकी काही असेल असं तिला खरंच वाटत नव्हतं. विल्फ जिन्यावर धापा टाकत होता, कुठली प्रेमप्रकरणं! पण तिला वाटायचं, या चहापेक्षा प्रेमप्रकरण परवडलं असतं. बाई नवऱ्याला नादी लावते तेव्हा निदान गाव तिला नावं ठेवतं. ही तर त्याला जेवू घालत होती. म्हणजे तो गालावरचा रंग ऑलिव्हचा. ती शीळही ऑलिव्हची. आणि उकडलेला मासा तेवढा एनिडचा.

मंगळवारी विल्फ टोपी घालून कबुतरांकडे म्हणून निघाला. एनिडने केटल चुलीवरून उतरवली, कोट चढवला आणि थोड्या वेळाने ऑलिव्हच्या मागच्या दाराने, दार न वाजवता, सरळ आत गेली.

विल्फ टेबलाशी बसला होता. बूट काढलेले, पाय शेकोटीकडे. पुढ्यात चरबी माखून मीठ भुरभुरलेला पाव, शेजारी पाईचा तुकडा. झाकण असं सोनेरी आणि पदर सुटलेलं की एनिडला शिव्या देण्याआधी ते बघावं लागलं.

"मिसेस हॉवर्थ!" ऑलिव्ह उठली. "या ना, बसा. चहा..."

"मला विचाराल ना, साखर किती ते?"

ऑलिव्हचा चेहरा उतरला. विल्फने पाव खाली ठेवला, पण सोडला नाही.

"किती दिवस चाललंय हे?" एनिडने त्याला विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"डॉक्टर काय म्हणाले होते तुला?"

"डॉक्टर?" ऑलिव्हने विचारलं. "कसले डॉक्टर?"

विल्फ ताटाकडे बघत राहिला. तेव्हा एनिडने सांगितलं. छातीचं दुखणं, महिनाभराचं हॉस्पिटल, चरबी, साखर, सगळं. ऑलिव्ह ऐकता ऐकता पांढरी पडली. तिने पुढे होऊन त्याच्या हातातला पाव काढून घेतला, ताट उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

"माझा माणूस असाच गेला, मिस्टर हॉवर्थ! जेवता जेवता, हातात काटा असताना. आणि तुम्ही मला सांगितलंत की बायकोला आता स्वयंपाकाचा कंटाळा आलाय? लाज नाही वाटली?"

आता खरी गंमत अशी, की एनिडला त्या क्षणी बाईचे पाय धरायला हवे होते. पण तिचा आणखीच जळफळाट झाला. नवऱ्याला खाऊ घालण्याचा मान हिने घेतलाच होता, आता त्याला झापायचाही हीच घेत होती.

"त्याला मी बोलेन," एनिड म्हणाली. "तुम्ही बसा." मग विल्फकडे वळून, "मला कंटाळा आलाय स्वयंपाकाचा?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना." विल्फ कानापर्यंत लाल झाला. त्या कानांना लाल व्हायला वेळ लागतो. "घरी तू माझ्याकडे बघतेस ना, एनिड, घास मोजत. मला तिथे मेल्यासारखं वाटतं. इथे हिला काही माहीत नव्हतं. इथे मी नुसताच भुकेला माणूस होतो."

एनिड खुर्चीत बसली. तिने ताट ओढलं आणि विल्फची उरलेली पाई खायला लागली. निदान ती त्याच्या पोटात जाऊ नये. पहिला घास घेतला आणि तिला कळलं की झाकण तिच्यापेक्षा चांगलं आहे. बटाटा तिच्याइतका नाही, मांस बरोबरीचं, पण झाकण चांगलं. हे तिने पुढे आयव्हीलाही सांगितलं नाही, मरेपर्यंत.

"कशी आहे?" ऑलिव्हने भीत भीत विचारलं.

"पांढरी मिरी कमी पडलीय," एनिड म्हणाली आणि शेवटचा कणही टिपून घेतला.

दारातून निघताना ती विल्फला म्हणाली, "बूट घाल. तुला मरायचंच असेल ना, तर माझ्या हातचं खाऊन मर. यॉर्कशायरच्या बाईची पाई खाऊन मेलास तर मी चॅपेलात तोंड दाखवायचं कसं?"

एनिड डॉक्टरांकडे पुन्हा गेली, एकटी. बराच वाद घातला. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, शनिवारी एकदा, लहान तुकडा, आणि देव तुमचं भलं करो. बाकीचे दिवस मासाच. पण मासा वाढला की ती आता समोर बसायची नाही; पाठ करून भांडी घासायची, कितीही स्वच्छ असली तरी.

पहिल्या शनिवारी पाईचं भांडं फळीवरून खाली आलं. तिने पीठ मळलं, चरबी निम्मी घातली, आणि झाकण लाटताना ऑलिव्हचे ते पदर आठवून दोनदा घडी घातली. विल्फला तीन बोटांएवढा तुकडा मिळाला. तो हळूहळू खात होता. एनिड नळ सोडून उभी होती, पण कान पाठीमागे.

"ऑलिव्हची जरा खारट असायची," विल्फ शेवटी म्हणाला.

एनिडने नळ आणखी मोठा केला. त्याने ताट पुढे केलं; तिने दुसरा तुकडा दिला नाही.  कडांना चिकटून करपलेली ती रसाची पापडी असलेलं भांडं तिने टेबलावर त्याच्यापुढे सरकवलं आणि चमचा दिला.

तो खरवडत बसला. एनिड खिडकीशी गेली. तीन घरांपलीकडे ऑलिव्हच्या धुराड्यातून धूर निघत होता. विल्फ तर इथे बसलाय, मग तिच्याकडे आता कोण जेवायला असतं, आणि तिथे आज काय भाजतंय, हे बघायला एनिडने पडदा बोटभर बाजूला सारला.