रिकामी जागा

सुधीरला पकडून नेलं, तेव्हापासून संघटनेच्या कार्यालयातला त्याचा कॉम्प्युटर मी वापरतो. त्याने तो असा लावलाय की उघडलेल्या विंडो एकमेकींना झाकत नाहीत. सगळ्यांना सारखी जागा. पण एक बंद केली की उरलेल्या पसरतात आणि तिची जागा गिळून टाकतात. ती जागा रिकामी राहावी म्हणून सकाळपासून मी सेटिंगच्या फाइलशी झगडतोय. राहत नाही.

“अरे, बिघडलंय कुठे? चाललंय की नीट,” बाजूला ओढून घेतलेल्या सुधीरच्या खुर्चीत बसून उद्याच्या सभेच्या पत्रकांना घड्या घालत नंदाताई म्हणाल्या.

मी एक पत्रक उचलून वाचलं. “ताई, सुधीरच्या सुटकेची मागणी कुठाय यात?”

त्यांचे हात थांबले नाहीत. “या खेपेला जागा पुरली नाही रे.”