उष्ट्या हळदीची डिलिव्हरी

गेल्या आठवड्यात अक्काच्या गावी, कळमनुरीच्या पुढं, माझ्या भाचीची हळद होती. मांडव सजला, बायका जमल्या, नवरी, आमची पूजा, पाटावर येऊन बसली... आणि हळदच नाही!

हसू नका. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीला काय तोटा? अक्काच्या पडवीतच पोत्यांची थप्पी लागलेली होती. पण नवरीला लागते ती उष्टी हळद. आधी नवरदेवाला लावायची आणि त्यातली उरलेली नवरीकडे आणायची. ती आल्याशिवाय नवरीला कुणी बोट लावत नाही, आणि दिवस मावळायच्या आत लागली पाहिजे, असं जाणत्यांचं म्हणणं.

नवरदेव कनेरगाव नाक्याचा. तिकडून हळद घेऊन बायकांची जीप निघाली, आणि गावाबाहेर पडते न पडते तोच बंद पडली. दुसरी गाडी मिळेना. लग्नसराईत झाडून सगळ्या गाड्या कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडाला लागलेल्या...

झालं, मांडवात कुजबुज सुरू. "सासरकडून हळदच न्हाई आली, काय समजावं बाई?" एक जण तर म्हणाली, घरचीच लावून टाका, कोणाला कळून राहिलं!

पूजानं मान वर केली. एरवी पाहुण्यांसमोर तोंडातून शब्द न काढणारी पोरगी. "न्हाई मावशी, तिकडचीच पायजे," म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी हिंगोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघते. ट्रकच्या ट्रक हळद बाहेर पाठवते. गाडी अडली तरी माल अडू द्यायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. ट्रक नाही तर रेल्वे, रेल्वे नाही तर एसटी, काहीच नाही तर डोक्यावर घ्या, पण पुढं सरका. आपल्याच भाचीची वाटीभर हळद पोचवता येत नसेल तर काय चुलीत घालायचंय ते बुकिंग!

जीपमधल्या बायकांच्या नंबरवर फोन लावला. कुण्या बाईनं उचलला. सिझनमुळं मला साखरपुड्याला जाता आलं नव्हतं, त्यामुळं तिकडचं कुणी ओळखीचं नाही आणि नाव-गाव विचारत बसायला वेळही नाही. म्हटलं, ताई, डबा उचला आणि स्टेशन गाठा, हिंगोलीकडं येणारी पॅसेंजर यायला झालीय. ती काहीतरी सांगायला लागली तर मी म्हटलं, "तुमी बोलू नका, आधी चाला!"

गाडी सापडली. हिंगोली स्टेशनवर ओळखीची रिक्षा उभी करून ठेवली होती, तीही मिळाली. पण मोंढ्याजवळ सगळं ठप्प... हळद विकायला आलेल्या ट्रॅक्टरांची ही मोठी रांग, रस्ताभर! म्हणजे बघा, हळदीनंच हळदीची वाट अडवली.

बाईंचा फोन आला, रिक्षा हालंना. मी खेकसले, मग उतरा की! ट्रॅक्टरांच्या मधनं निघा, डबा सरळ धरा, सांडली तर बघा... आमच्या ड्रायव्हर लोकांशी मी अशीच बोलते. जित्याची खोड, दुसरं काय.

तिकडून आपलं "बरं बाई, बरं बाई." चालत स्टँडवर गेल्या, गच्च भरलेल्या एसटीत उभ्यानं कळमनुरीला आल्या. इकडं मी पुढची गाडी शोधतेय, तर आठवलं... मांडवाचं पाणी! जारचा टेम्पो कळमनुरीतूनच निघणार होता. टेम्पोवाल्याला स्टँडवर थांबवलं आणि बाईंना सांगितलं, पुढं जागा नसली तर मागं बसा, लाजू नका.

उन्हं कलली तसा टेम्पो मांडवासमोर येऊन थांबला. मागच्या जारांमधून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या, त्यांच्यामागं एक पोरगी. लग्नातलं भारी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, केस विस्कटलेले, आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. अक्का धावत पुढं गेली आणि जागीच थिजली. "अगं बया... ह्या तर विहीणबाई!"

नवरदेवाची आई! जिचे पाय धुऊन जिला मांडवात आणायचं, त्या वरमाईला मी अख्खी दुपार ड्रायव्हरसारखी झापत होते. धरणीमाय, पोटात घे गं...

सोबतची पोरगी त्यांची पुतणी, तिनं सगळं सांगितलं. वरमाय काही हळद घेऊन येत नसते, त्याही घरीच होत्या. पण जीप बंद पडल्याचा निरोप आला आणि बाकीच्या म्हणायला लागल्या, राहू द्या, उद्या वऱ्हाडासोबतच नेऊ. तशा या भरल्या मांडवातून उठल्या, जीपपाशी आल्या आणि डबा स्वतःच्या हातात घेतला. तेवढ्यात माझा फोन!

लई तकलीफ दिली तुमाला, म्हणत मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला वरच्यावर धरलं. "लेकरू तिकडं पाटावर बसून राहिलं, मंग मी घरात कशी बसू?" म्हणाल्या. वर आणि हसून, "तकलीफ कायची? तुमी बराबर आणलं की मला!"

चहा नको, पाणी नको, आधी पूजापाशी जाऊन बसल्या. पहिलं बोट त्यांनीच लावलं. पूजा त्यांच्या गळ्यात पडून जी रडली... मघाशी कुजबुजणाऱ्या बायाही पदर डोळ्याला लावायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला अक्का रडली, भावजी रडले, सगळी आळी रडली. पूजा पोटच्या लेकीसारखी आहे मला, पण खरं सांगते, मी नाही रडले. आमचं लेकरू कुणाच्या हाती देतोय, हे मी आदल्या दिवशीच बघितलं होतं.