बाळंतिणीसाठी राखलेलं सरपण

"त्या सरपणाला हात लावायचा न्हाई. सांगून ठेवते." मंगलकाकू खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या. खोलीत बाभळीच्या लाकडांची छातीइतकी उंच रास होती. एकसारखी फोडलेली, सुबक रचलेली. त्यातलंच एक लाकूड माझ्या हातात होतं, आणि हातमोज्यावर पांढरी भुकटी लागली होती.

सिरसाळ्यातलं हे घर एका किराणा दुकानदाराचं. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. मंगलकाकू त्यांच्या पत्नी. मुलगी शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, म्हणून त्यांनी आम्हाला साफसफाईला बोलावलं होतं. आमचं काम दोन प्रकारचं. एक, गवत, गंजके पत्रे, भंगार काढून परस मोकळं करायचं. दुसरं, माणसाला अपाय करील असं घरात जे असेल ते शोधायचं आणि नीट बाहेर न्यायचं. जुनी फवारणीची औषधं, उघड्या वायरी, फुटलेल्या ट्यूब. पहिलं काम लोकांना लगेच समजतं. दुसरं समजावून सांगावं लागतं.

सकाळपासून काम छान चाललं होतं. माझ्यासोबत दगडूभाऊ आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई असतात. पत्र्यांखालून विंचू निघाले, तुंबलेली मोरी मोकळी झाली. आप्पा खूश होते. सरपणाच्या खोलीतली फक्त जळमटं काढायची होती. विंचू आहे का बघायला दगडूभाऊंनी वरचं लाकूड उचललं आणि त्यांना शिंकांवर शिंका आल्या. मी ते हातात घेतलं, तर वास माझ्याही नाकात गेला. उग्र, लसणासारखा.

"काकू, याला काय लावलंय?"

उत्तर आप्पांनी दिलं, तेही अभिमानानं. "पावडर मारलीय. पोरीचं लगीन झालं तवापासून ही बाभळ राखून ठेवलीय. दर उन्हाळ्यात पावडर मारतो. एका लाकडाला वाळवी न्हाई. बघा की!"

"कसली पावडर?"

"कापसावर मारायची. शेतातली उरली व्हती."

फळीवरून त्यांनी पुडा काढून दिला. छपाई पुसट झाली होती, पण लाल त्रिकोण दिसत होता. शेतीच्या औषधाच्या पुड्यावर चौकोनात असा रंगीत त्रिकोण असतो. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी, मग निळा, मग पिवळा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. माझ्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. गेवराईत शिकत असताना रसायनशास्त्राच्या सरांनी आधी लेबल वाचायची सवय लावली. त्यांचे उपकार मला अशा वेळी आठवतात.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. तिला आणि बाळाला शेक देतात, ओव्याची धुरी देतात. दारं-खिडक्या लावलेल्या असतात. त्या शेगडीत हे लाकूड जळणार होतं.

मी काकूंना सांगितलं, "हे जाळलं तर विष धुरात येईल. बाळाच्या छातीत जाईल."

"तुझं लगीन झालंय का, पोरी?"

"नाही."

"मंग तुला बाळंतिणीचं काय कळतंय? बाबळीचा इंगळ रातभर टिकतो. माज्या आईनं मला याच लाकडानं शेकलं."

"त्या लाकडाला पावडर नव्हती, काकू."

आप्पा मध्ये पडले. "धुऊन वाळवलं तर?"

"लाकडात मुरलंय, आप्पा. आणि धुतलेलं पाणी जाणार कुठं? तुमचा बोअर पलीकडंच आहे."

"वरचं टाकू, खालचं ठिवू."

"भुकटी झिरपत खालीच जाते."

"आंघुळीच्या पाण्याला तरी?"

"धूर तोच. चुलीपुढं तुम्हीच बसणार ना?"

काकू चिडल्या. "हिचं काय ऐकताव? ही समदं घर रिकामं करून जाईल. उद्या म्हनंल तुळसबी न्या." दगडूभाऊंना हसू आलं. सुमनबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

लाकूड सोडून निघून यायचं, की भांडायचं? माल त्यांचा, घर त्यांचं. पण शिवकन्या दुसऱ्याच दिवशी येणार होती. मी हातातलं लाकूड राशीवर परत ठेवलं. सुमनबाई मात्र राशीमागची जागा बघत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "घरात मांजर हाय, आन् हितं येवडी उबदार जागा. तरी एक केस न्हाई."

"मांजर हितं येत न्हाई आता," काकू म्हणाल्या. "पयले दर साली सरपणातच व्यायची. आता शेजारी धनगराच्या वाड्यात जाती पिल्लं घालायला. येवडं दूध पाजते मी, तरी."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोरीचं लगीन झालं तवापा..." म्हणता म्हणता काकू थांबल्या. राशीकडं बघितलं. मग आप्पांकडं.

"न्या," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. "समदं न्या. एक ढलपी ठिवू नका."

आधी लाकडांवर हलकं पाणी शिंपडलं, म्हणजे भुकटी उडत नाही. तोंडाला मास्क लावून लाकडं जाड पिशव्यांत भरली, तोंडं बांधली. जमिनीवरची माती खरवडून तीही भरली. गल्लीतला एक जण म्हणाला, "टाकूनच देताव, तर आमाला द्या की." त्यालाही कारण सांगावं लागलं. पुडा आणि पिशव्या घातक कचरा नेणाऱ्या गाडीत जाईपर्यंत दगडूभाऊ तिथून हलले नाहीत.

काकू तोवर शेजारच्या वाड्यात जाऊन आल्या. मागून धनगराची सून गोवऱ्यांची पाटी घेऊन आली. "काहून टाकलं वं काकू येवडं सरपण?" तिनं विचारलं. काकू एवढंच म्हणाल्या, "तुज्या गोवऱ्या चांगल्या हायत म्हून."

पुढं डॉक्टरांनी बंद खोलीत शेगडीच नको म्हणून सांगितलं. गोवऱ्यांवर अंगणात पाणी तापलं आणि शेकायला रबराची पिशवी आली. काकूंना ती आवडली नाही. पिशवीच्या उबेला काही अर्थ नाही, असं त्यांनी मला बारशाला दोनदा ऐकवलं. बाळ मुलगी आहे, गुटगुटीत. काकूंनी ती माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाल्या, "नीट धर. लगीन न्हाई झालं तुझं."

वाईट वस्तू लोक दारामागं टाकून देतात, ती आम्हाला लगेच सापडते; चांगली म्हणून जपलेली सापडत नाही. म्हणून नव्या घरी गेलं की मी आता आधी एवढंच विचारते, की इथं सगळ्यात जपून काय ठेवलंय.