विचारील तो उतरेल

आमच्या मामांना प्रश्न विचारलेला खपत नसे. जामखेडच्या बाजारतळाजवळ त्यांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं "मामा, किती येळ लागंल?" म्हटलं की हातातली ट्यूब खाली ठेवून मामा विडी पेटवत. "इचारलंस न्हवं? मग आता इडी संपल्यावर." चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर मामांनीच, म्हणून लोक हा विक्षिप्तपणा मुकाट सोसायचे.

बहात्तरच्या दुष्काळात आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची. वडील आधीच वारले होते. नगरच्या पलीकडे बेलापूरला मावशीकडे पाटाचं पाणी होतं, पण मूलबाळ नव्हतं. तिचा निरोप आला: एक पोर सांभाळते, कायमचं, पण मुलगाच पाठवा. म्हणजे माझा सहा वर्षांचा भाऊ, बबन. त्याला नेऊन सोडायचं काम मामांकडे आलं. "त्याला सांगू नगा, दादा," एवढंच आई म्हणाली. मला मात्र सगळं ठाऊक होतं. मी बरोबर नसते तर बबन वेशीबाहेर पडला नसता. शेळी न्यायची तर पुढं पाला धरावा लागतो. तो पाला मी.

मामांनी सायकलच्या दांडीवर पोत्याची घडी बांधली, बबनला पुढं बसवलं, मला कॅरिअरवर, आणि कायदा सांगितला, "बोलनारं पोर जड लागतं. जो इचारील तो उतरंल, अन् फुडल्या दगडापर्यंत चालंल."

"कंच्या दगडापर्यंत, मामा?"

"उतर."

बबन उतरला. पुढं दोन दिवस त्याचं हेच चाललं. तारेच्या खांबात गुणगुणतं कोण, सावली पायाखाली कधी जाते, मेलेल्या बैलाचे डोळे कोण नेतं? प्रत्येकाचं उत्तर एकच: "उतर." मामा हळूहळू पायडल मारत पुढं जायचे आणि मैलाच्या दगडापाशी पाठ करून थांबायचे. पोरगं मागून तुरुतुरु चालत यायचं आणि दांडीवर चढता चढता पुढचा प्रश्न विचारायचं. जित्याची खोड!

नगरच्या अलीकडे डांबर इतकं तापलं की बबन उड्या मारायला लागला. मामांनी खांद्यावरचा टॉवेल फाडला, त्याच्या दोन्ही पावलांना नीट गुंडाळला. मला वाटलं, पाझर फुटला. "चल," मामा म्हणाले, "दगड अजून लांब हाय." या माणसाला साप डसावा, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटलं.

राहुरीच्या पुढं पाट लागला. काठोकाठ पाणी. बबन दांडीवरून वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे येवढं पानी कुनाचं हाय?" त्या दगडापर्यंत तो चालला नाही, पाण्याच्या कडेनं पळत सुटला. वर चढल्यावर म्हणाला, "मामा, घरी जाताना मी मागं बसू का? ताई बसंल फुडं." हा प्रश्न तेवढा मामांनी ऐकून सोडला. उतर म्हणाले नाहीत, खाली मान घालून पायडल मारत राहिले.

मावशीनं आम्हाला दूध-चपाती वाढली. मामांनी नुसतं पाणी घेतलं आणि सायकल वळवली. बबननं पाहिलं: त्याचं गाठोडं मावशीच्या हातात होतं, माझं माझ्याच काखेत. त्यानं येऊन कॅरिअर धरलं. रडला नाही.

"मामा, मी आता काय इचारनार न्हाई."

मामांनी पायानं पायडल वर घेतलं.

"मला चालता येतं. घरापर्यंत येतं."

मामांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. "शाना हायेस," म्हणाले आणि टांग टाकली.

बाळा, तुला इथं सोडतोय ते तू विचारतोस म्हणून नव्हे, एवढं बोलायला त्यांचं काय जात होतं? आज मामा नाहीत, पण माझा तो राग अजून तस्साच आहे. बबनचं मावशीकडे चांगलं झालं, खाऊन-पिऊन सुखी आहे. मी गेले की समोर चहा ठेवतो आणि बसून राहतो. "कशी हायेस?" एवढंसुद्धा विचारत नाही.

त्या दिवशी बेलापूर मागं पडलं. पुढच्या दांडीवर पोत्याची घडी तशीच होती. बऱ्याच वेळानं मामा समोर बघत बोलले, "रडलं असंल का गं पोरगं?"

जन्मात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"उतरा, मामा," मी म्हणाले.

मामा उतरले. हँडल धरून चालू लागले. मी कॅरिअरवर बसून राहिले. दगड आला, मागंही गेला. मी बसा म्हटलं नाही आणि ते बसले नाहीत. पाटाचं पाणी दिसेनासं झालं तरी मामा चालतच होते.