खिशातली अन्नपूर्णा

फर्गसकाकांची आणि माझी पहिली ओळख बंद दाराआडून झाली. २००१ सालचा ऑक्टोबर होता. आम्ही अमेरिकेत, श्रूजबरीत नवीन, माधवचं व्हिसाचं काम अर्धवट, आणि त्या सप्टेंबरनंतर दुकानातसुद्धा लोक आमच्याकडे जरा जास्तच वेळ बघत. अशात एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ वही घेऊन दारात उभे! "मी गावच्या म्युझियमकडून आलोय. देश सोडताना तुम्ही बॅगेत काय काय घातलंत, तेवढं विचारायचं होतं." मी दाराची साखळी न काढताच सांगितलं, नवरा घरी नाही. संध्याकाळी माधव म्हणाला, "म्युझियमबिझियम काही नाही, चौकशीवाले असणार. परत आले तर दार उघडू नकोस."

ते परत आले. तिसऱ्या वेळी बर्फ पडत होतं, म्हणून मलाच राहवेना, मी त्यांना आत घेतलं. त्यांनी आल्याचा चहा घेतला, माझ्या सांगलीची चौकशी केली आणि काहीही न मागता निघून गेले. पहिल्या भेटीत कुणाकडे वस्तू मागायची नाही, हा त्यांचा नियम असल्याचं मला पुढे कळलं. तेव्हा मात्र वाटलं, हे काहीच मागत नाहीत त्या अर्थी यांना नक्की मोठं काहीतरी हवंय!

फर्गसकाका मूळचे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातले. त्या खेड्यातली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं अमेरिकेला गेलेली. तरुणपणी ते सायकलवरून त्या घरांत जात, कुदळी, लोणी काढायच्या रव्या, जुनी पत्रं गोळा करत. त्यातून गावच्या जुन्या शाळेत त्यांनी छोटं म्युझियम उभं केलं. पुढे लग्नानंतर ते इकडे आले आणि इथल्या दोन खोल्यांच्या म्युझियमचे क्युरेटर झाले. गिरणीत खपलेल्या आयरिश मजुरांचा इतिहास त्यांनी थडगी वाचून वाचून लिहिला. "मागे काय राहिलं ते मी तिकडे पाहिलं," ते म्हणत, "बरोबर काय आणलं ते इकडे बघतोय."

२००४ साली त्यांनी गावात नव्याने आलेल्या लोकांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं आणि माझ्याकडे अन्नपूर्णा मागितली. लग्नात आईने दिलेली, बोटभर उंचीची पितळी मूर्ती. आई गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नव्हतं. आईच्या हातचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. मी चार दिवस विचार केला. शेवटी दिली, पण बजावून दिली. "तिला तांदळाशिवाय ठेवायचं नाही. तांदूळ वरचेवर बदलायचे, आणि काढलेले फेकायचे नाहीत, शिजवून खायचे." त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मूर्तीच्या पाठीवरच्या पोच्यासकट सविस्तर पावती लिहून दिली.

प्रदर्शन सुरू झालं. मी बघायला गेले, तर काचेच्या कपाटात अन्नपूर्णा कोरड्या फडक्यावर उभी! तांदळाचा एक दाणा नाही. मला इतका राग आला की तशीच घरी आले. दोन आठवड्यांनी इथेच राहणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या आमच्या विद्याताईंचा फोन. "अगं, मी आपल्या डोळ्यांनी पाहिलं! म्युझियम बंद करताना त्यांनी तुझी देवी काढली अन् सरळ कोटाच्या खिशात घातली. गेली बघ ती!"

पावती मुठीत धरून मी गाडी काढली, ती थेट त्यांच्या घरी. पोलिसांना काय सांगायचं तेही वाटेत मनात जुळवलं. दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बशीभर तांदळात माझी अन्नपूर्णा बसलेली, आणि काका शेगडीवर भात ढवळत होते.

"म्युझियमच्या कपाटात धान्य ठेवता येत नाही, किडे होतात," ते म्हणाले. "तुम्ही तर तांदूळ हवेतच म्हणालात. म्हणून दिवसा ती तिकडे, संध्याकाळी इकडे. आम्ही बटाट्याची माणसं हो! दोन आठवडे रोज भात खातोय."

"इकडून जात होते, सहज डोकावले," मी म्हटलं. त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. "पावती जपलीत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले आणि माझ्यासाठीही ताट वाढलं. भात पार गिचका झाला होता. मी तो सगळा संपवला, आणि घरी येऊन रडले.

त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त इथल्या मराठी मंडळाने हा गौरव अंक काढायचं ठरवलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. त्यांच्या विद्वत्तेचा गौरव इतर लिहितील. मला मात्र चार वर्षं एक गोष्ट खुपते आहे. आमची मुलगी सई हा लेख त्यांना इंग्रजीत वाचून दाखवणार आहे, म्हणून इथेच सांगते.

फर्गसकाका, त्या दिवशी मी सहज आले नव्हते. तुम्हाला चोर समजून आले होते. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं की काय, हा संशय मला अजून आहे. मला माफ करा. तुमचे गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि अजून पुष्कळ वर्षं तुम्ही वही घेऊन अनोळखी दारं ठोठावत राहा. आमच्याकडे मात्र ठोठावू नका, सरळ आत या. दाराची ती साखळी मी त्याच संध्याकाळी काढून टाकली.