सर्व्हरने जयवंतला दिलेली यादी

वळ गावच्या रस्त्यावर कोऱ्या खोक्यांचा वास आला की मला अजून राग येतो. तिथल्या गोदामात मी महिनाभर खपून मालाची यादी केली, आणि सर्व्हरने तिच्यावर नाव दाखवलं माझ्या शेजारी बसणाऱ्या जयवंतचं. सर्व्हर माणसाला नावाने नाही, फक्त नंबरने ओळखायचा. माझ्या कॉम्प्युटरवर जो नंबर माझा, तोच सर्व्हरवर जयवंतचा.

साहेब म्हणाले, “शाब्बास जयवंत.”

मी मागवलेला चहा पीत हा गडी लाजला. “थोडी मेहनत केली साहेब, बाकी काय न्हाय.”

मी तणतणत नंबर बदलायला बसलो, तेवढ्यात साहेब पुन्हा आले. “जयवंत, यादीत साड्यांचे खोके कुठेच नाहीत. डोळे मिटून केलीस का?”

जयवंत माझ्याकडे बघत राहिला. चूक माझीच होती. नंबर मात्र मी दुसऱ्या दिवशी बदलला.